भुसा सरळ पडला की उडवा!

नवा ड्रोन घेतला की पहिला प्रश्न, उडवायचा कुठे? पुण्यात गच्चीवर नुसता बॉक्स उघडला तरी सोसायटीचे सेक्रेटरी हजर! म्हणून एप्रिलमधल्या लाँग वीकेंडला बॅग भरली आणि आजोळ गाठलं. थेट खान्देश.

पहिला मुक्काम जळगाव जिल्ह्यात, रावेरला मावशीकडे. दुपारी बारा वाजता केळीच्या बागेत एक पान हलत नव्हतं. परफेक्ट! सहज माहितीपुस्तक उघडलं. ड्रोन चालण्याचं कमाल तापमान ४० अंश. मोबाइल सांगत होता ४२. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पंख्यांना जास्त जोरात फिरावं लागतं आणि आधीच तापलेली बॅटरी आणखी तापते. म्हणजे वारा नसला म्हणून हवा चांगली, असं नाही. मावशीने पन्हं पाजलं, ड्रोन बॅगेतच राहिला.

दुसऱ्या दिवशी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात मामाकडे. हा ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांचा मुलूख. इथे पवनचक्क्या उगाच उभारल्या असतील का? पण ते तेव्हा कुठे सुचलं! डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा झोन होता, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंत मोकळीक. सकाळचे दहा, खळ्यावर गारवा. मामाने मूठभर भुसा वर उधळला. तो तिरका उडाला.

"वर वारा शे, भाऊ. थांबी जा."

पण ऐकेल तो भाचा कसला? वाऱ्याच्या दिशेने ड्रोन झक्कास गेला, जेमतेम ३०० मीटर. परत फिरवला, तर जागचा हलेना! जमिनीपेक्षा वर वारा जास्त असतो, हे तेव्हा कळलं. बॅटरी ३० टक्के. घाम फुटला. खाली रस्ता, रस्त्यावर माणसं. शेवटी सरळ खाली घेतला आणि नांगरलेल्या रानात उतरवला. ढेकळं तुडवत आणायला गेलो, तर मामा हसत म्हणाला, "ज्या दिवशी उफणणी होत नाही ना, तो तुझ्या खेळण्याचा दिवस."

शंभर वेदर ॲप्स एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला!

तेव्हापासून माझे नियम साधे. ऊन चढायच्या आत, सकाळी लवकर उडवायचं. नऊनंतर जमीन तापते, वावटळी उठतात. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे परतीला वारा पाठीशी. निम्मी बॅटरी संपली की माघारी. ढग दाटले, गडगडलं, की बॅग बंद.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला पवनचक्क्यांची पाती स्वस्थ होती. मामाने भुसा उधळला, सरळ पायाशी पडला. मी ड्रोन वर नेला. स्क्रीनवर सोनेरी खळं, आणि मधोमध ठिपक्याएवढा मामा. हात हलवत होता.

तो फोटो आता माझ्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर आहे.