नवरा दोनशे मीटर पुढे

‘‘सायकलवरून? युरोपात? का गं, ट्रेनचे पैसे कमी पडले का?’’ हा सासूबाईंचा प्रश्न. ऑफिसमधल्या मैत्रिणीचा त्याहून खोचक, ‘‘आणि सोबत नवरा? चोवीस तास?’’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्याचं नव्हतं.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मी बँकेत, तो सॉफ्टवेअरमध्ये. मी संध्याकाळी घरात शिरते तेव्हा त्याचे अमेरिकेचे कॉल सुरू होतात आणि त्याचे कॉल संपतात तेव्हा मी घोरत असते. आमचं बोलणं मोबाईलवर, तेही तीन वाक्यांत. ‘दूध आण’, ‘गॅस बुक केला’, ‘उशीर होईल’. जानेवारीत मी चौथं वाक्य बोलून पाहिलं होतं, ‘‘मला नोकरी सोडावीशी वाटतेय.’’ तीनदा बोलले. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘‘बघू.’’

मग जुलैत दोघांची रजा जुळली आणि बेत ठरला. जर्मनीतल्या पासाऊपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी; चार देश, अकरा दिवस. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियात काळ्या समुद्रापर्यंत जाणारा ‘युरोवेलो ६’ नावाचा सायकलमार्ग आहे, त्यातला हा सगळ्यात सोपा तुकडा. रस्ता नदीसोबत चालतो, त्यामुळे चढ फार नाहीत. वाराही बहुतेकदा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. दर रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांना झेपेल इतपत. नवऱ्यानं अर्थातच एक्सेल शीट बनवली. कुठे किती वाजता जेवायचं तेसुद्धा त्यात होतं.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि काळसर पाण्याची इल्झ अशा तीन नद्या भेटतात. तिथेच भाड्यानं सायकली घेतल्या, मागे दोन-दोन बॅगा अडकवल्या आणि निघालो. पहिल्या अर्ध्या तासातच चित्र स्पष्ट झालं. नवरा दोनशे मीटर पुढे. तसा तो कायमच पुढे असतो. लक्ष्मी रोडवर, एअरपोर्टवर, सिंहगड चढतानाही. फक्त इथे त्याची लाल बॅग दिवसभर डोळ्यांसमोर नाचत होती, एवढाच फरक.

पण मजा येत होती हं! सकाळी रस्त्यात भेटणारी आजी ‘ग्रुस गॉट’ म्हणणार. दुपारी बिअरमध्ये लिंबाचं सरबत घातलेलं ‘राडलर’ प्यायचं (या शब्दाचा अर्थच मुळी ‘सायकलवाला’). नदीकाठी किलोमीटरच्या पाट्या दिसायच्या. पासाऊजवळ आकडा २२२६ च्या आसपास होता आणि पुढे जाऊ तसा तो कमी होत होता. मला कळेना. मग समजलं, डॅन्यूब उगमापासून मोजत नाहीत, समुद्राला मिळते तिथपासून उलटी मोजतात. म्हणजे पाटी सांगते ती किती आलो ते नाही, किती उरलंय ते.

चौथ्या दिवशी मेल्कचा पिवळाधमक मठ बघून आम्ही वाखाऊच्या खोऱ्यात शिरलो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा. हा भाग युनेस्कोच्या यादीत २००० सालापासून आहे. दुपारी अख्खा जर्दाळू पोटात घेतलेला उकडलेला गोळा खाल्ला, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. आपल्या मोदकाचा सख्खा मावसभाऊच.

संध्याकाळी आर्न्सडॉर्फला मी जर्दाळू घ्यायला थांबले. नवरा पुढे. तिथून पलीकडच्या श्पिट्झ गावाला फेरीबोट जाते, तिला इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलेली आणि प्रवाहाच्याच जोरावर बोट पलीकडे सरकते. मी धक्क्यावर पोचले तेव्हा बोट पलीकडे लागत होती आणि लाल बॅग तिच्यावर होती. त्याला वाटलं, मी मागेच आहे. पाटी वाचली. ती दिवसातली शेवटची फेरी होती.

माझा मोबाईल? त्याच्या बॅगेत, चार्जिंगला लावलेला.

हाका ऐकू जाईनात. त्यानं हात लांब करून नदी वाहते त्या दिशेला दाखवलं. पुढचा पूल माउटर्नला, पंधरा-सोळा किलोमीटरवर. मला इतका राग आला होता की रडू येईना.

मी निघाले. पलीकडून तोही निघाला. आणि मग एक गंमत झाली. मी पाणी प्यायला थांबले, तर समोरची लाल बॅगही थांबली. मी निघाले, ती निघाली. सहा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या वेगानं चालला होता, कारण आता मी मागे नव्हते, समोर होते. मान वळवली की दिसत होते.

ड्युर्नश्टाइनपाशी, निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याच्या चर्चजवळ, तो घरांमागे दिसेनासा झाला. मी सायकल लावून उभी राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. राग कुठल्या कुठे गेला, पोटात गोळा आला. मग द्राक्षांच्या ओळींमधून ती बॅग बाहेर पडली आणि मी वेड्यासारखे दोन्ही हात हलवले. त्यानंही हलवले.

माउटर्नच्या पुलावर तो मधोमध उभा होता. ‘सॉरी’ म्हणाला नाही. म्हणाला, ‘‘जर्दाळू घेतलेस ना?’’ कठड्याला टेकून आम्ही अर्धा किलो जर्दाळू संपवले. मग नदीकडे बघतच त्यानं विचारलं, ‘‘नोकरी सोडून नक्की काय करायचंय तुला?’’

‘‘सध्या काहीच नाही,’’ मी म्हटलं. ‘‘दमलेय मी.’’

मी बोलत राहिले, तो ऐकत राहिला. बँकेतली टार्गेट्स, रविवार संध्याकाळपासून दुखायला लागणारं पोट, हे सगळं तो पहिल्यांदा ऐकत होता. त्या रात्री त्यानं एक्सेल उघडली नाही, यातच सगळं आलं.

दुसऱ्या दिवसापासून पुढे मी. वेग माझा, थांबे माझे. व्हिएन्नाला आम्ही वेळापत्रकापेक्षा अर्धा दिवस उशिरा पोचलो. ब्रातिस्लाव्हाच्या अलीकडे, १९८९ पर्यंत जिथे काटेरी तारा होत्या, तिथून आम्ही सायकलवर गप्पा मारत पलीकडे गेलो. श्तुरोवो आणि एस्तरगोम या दोन गावांना जोडणारा पूल १९४४ मध्ये युद्धात उडवला गेला आणि थेट २००१ मध्ये पुन्हा उभा राहिला. पन्नासहून जास्त वर्षं मधे पूल नाही, फक्त समोरचा काठ दिसतोय. तिथे नवरा जरा जास्तच वेळ थांबला. मी काही विचारलं नाही.

बुडापेस्टला आकडा होता १६४७ च्या आसपास. म्हणजे समुद्र अजून कितीतरी लांब.

सध्या माझा नोटीस पीरियड सुरू आहे. होम लोनचा हप्ता एका पगारात बसवायचा तर बाहेरचं जेवण बंद करावं लागणार आहे. परवा लक्ष्मी रोडवर नवरा सवयीनं पुढे गेलाच. पण तुळशीबागेच्या कोपऱ्यावर उभा होता, मागे बघत.