कोठीची किल्ली

आमच्या नात्यागोत्यात कुठंही लग्न निघालं की पहिली पत्रिका गणपतीला जाते आणि दुसरी माझ्याकडे येते. माझ्यावर कुणाचं विशेष प्रेम आहे म्हणून नव्हे. मी कोठीवर बसतो म्हणून! तूप, साखर, बुंदी आणि नवरदेवाच्या मामासाठी राखून ठेवलेले नारळ ज्या खोलीत असतात, त्या खोलीची किल्ली गेली तीस वर्षं माझ्या करदोड्याला आहे. वाढायला कुणीही यावं, पाणी कुणीही द्यावं, पत्रावळी कुणीही उचलाव्यात. किल्ली मात्र एकाकडेच. हे तत्त्व मी इतक्या निष्ठेनं पाळलं आहे की एका लग्नात मी स्वतः जेवायला बसलो नि पंगतीला तूपच आलं नाही.

लग्नसराई संपली की मी तिवशातल्या एका लहानशा वाचनालयाचा चिटणीस असतो. चिटणीस म्हणजे झाडू मारण्यापासून वर्गणी वसूल करण्यापर्यंत सगळं. तिथली किल्लीही माझ्याकडेच आहे, हे सांगायला नको.

माझी भाची पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती लॅपटॉप घेऊन तिवशाला आली आणि तेव्हापासून अधूनमधून इथूनच नोकरी करते. एके दिवशी वाचनालयाची वही पाहून ती म्हणाली, ‘‘मामा, हे सगळं संगणकावर घेऊ. फुकट होईल.’’

‘‘फुकट’’ या शब्दाला मी तीस वर्षं कोठी सांभाळून घाबरायला शिकलो आहे. मी खोदून विचारलं. तेव्हा कळलं, की सॉफ्टवेअरची एक जात अशी आहे जी लोक मिळून करतात. ती कशी बनवली ते सगळ्यांना उघड असतं. कुणीही वाचावं, वापरावं, दुरुस्त करावं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपलं लिनक्स असंच जगापुढं ठेवलं आणि आज जगातले असंख्य संगणक त्यावर चालतात.

‘‘म्हणजे घराचा नकाशा चोराच्या हातात!’’ मी म्हणालो.

‘‘मामा, अलिगढी कुलूप आतून कसं असतं हे कोणत्याही किल्लीवाल्याला ठाऊक असतं. म्हणून तो तुमची कोठी उघडतो का? कुलपाची ताकद किल्लीत असावी, कुलूप कसं बनवलं ते लपवण्यात नसावी. केर्कहॉफ्स नावाच्या माणसानं हे १८८३ सालीच लिहून ठेवलंय.’’

१८८३ म्हटल्यावर मी गप्प बसलो. जुन्या माणसांविषयी मला आदर आहे.

तर वाचनालयाची वही संगणकावर गेली. सहा महिने बरे गेले. मग एका रात्री झोप येईना म्हणून मी घरी यादी पाहत बसलो होतो. परवलीचा शब्द विचारला जायच्या आधीच माझं बोट कुठंतरी लागलं आणि काय सांगू! सभासदांची अख्खी यादी समोर उघडली. नावं, पत्ते, फोन नंबर आणि कुणाकडे कोणतं पुस्तक किती वर्षांपासून आहे तेही. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उघडली. कोलंबसाला अमेरिका दिसली तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते मला त्या रात्री कळलं.

कोलंबसाच्या गावात पानठेला नव्हता. आमच्या गावात आहे. सकाळी सातला मी तिथं उभा राहून ही बातमी सांगितली. ऐकायला फक्त चौघं होते, पण तिवशात पानठेल्यावरचे चौघं म्हणजे लाउडस्पीकर लावलेली जीप. दुपारपर्यंत तीन सद्गृहस्थ तीन पुस्तकं गुपचूप परत करून गेले. त्यातलं एक अकरा वर्षं बाहेर होतं. मी खूष! संध्याकाळी भाचीला अभिमानानं सगळं सांगितलं.

तिचा चेहराच उतरला. ‘‘मामा, कोणाकोणाले सांगतलं?’’ चिडली की ती पुणं विसरते. ‘‘अन् काहून सांगतलं? त्या यादीत शाळेतल्या बाईंचा नंबर आहे. त्यांनी तो तुमच्या भरवशावर लिहून दिला होता ना?’’

मी बसलो तो बसलोच. बाई एकट्या राहतात. नंबर देताना त्या म्हणाल्या होत्या, ‘‘भाऊ, तुमच्या वहीत आहे म्हणून देते.’’ मी पुस्तकं मोजत बसलो होतो. माणसं मोजलीच नव्हती.

भाचीनं आधी आमची यादी बंद केली. मग मला समजावलं. भोक आपल्या एकट्याच्या भिंतीला नव्हतं. ज्या ज्या वाचनालयात हे सॉफ्टवेअर आहे तिथं तिथं ते होतं. शेजाऱ्याच्या मागच्या दाराची कडी मोडलेली दिसली तर आपण चौकात ओरडतो का? त्याच्या कानात सांगतो. या लोकांनीही तशी सोय केलेली असते. बाकीच्या तक्रारी चारचौघांत लिहायच्या, पण सुरक्षिततेची तक्रार एका वेगळ्या पत्त्यावर, खाजगीत. ती मंडळी खात्री करतात, दुरुस्ती करतात, नवी आवृत्ती देतात आणि मगच गावभर जाहीर करतात. जाहीर करायचंच, कारण लपवलं तर लोक जुनंच वापरत बसतील. अशा दोषांना ओळखीचा क्रमांक देण्याची पद्धत १९९९ पासून आहे, आपल्याकडे सात-बाराला असतो तसा.

‘‘आणि शेजाऱ्यानं कडी बसवलीच नाही तर?’’

‘‘मुदत द्यायची. बरेच जण नव्वद दिवस देतात. मग मात्र गल्लीला सांगायचं, कारण गल्लीलाही चोरापासून वाचायचा हक्क आहे.’’

आम्ही पत्र लिहायला बसलो. माझ्या मसुद्याची सुरुवात ‘‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’’ अशी होती आणि भोकापर्यंत पोचायला दीड पान लागत होतं. भाचीनं तीन ओळी ठेवल्या. कोणती आवृत्ती, काय केलं, काय दिसलं. मला ते फार उद्धट वाटलं. पण दोन दिवसांत उत्तर आलं. ‘‘आभारी आहोत. दुरुस्ती केली आहे, तपासून पाहाल का? जाहीर करताना तुमचं नाव दिलं तर चालेल का?’’ तीस वर्षं कारकुनी केली, कुणी चूक दाखवली म्हणून त्याचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे त्याची बदली व्हायची.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. मराठी भाषांतर अपुरं आहे, मदत कराल का? सोबत काही किरकोळ कामांची यादी. भाचीनं सांगितलं की ही कामं त्यांना स्वतःला जमत नाहीत असं नाही. नव्या माणसासाठी ती मुद्दाम राखून ठेवतात. मला एकदम आपलं लग्नघर आठवलं. पोरं लुडबुडायला लागली की आपण त्यांच्या हाती मिठाचं भांडं देतो. मीठ वाढायला काही अक्कल लागत नाही, आणि चुकून जास्त पडलं तरी पंगत उठत नाही. पण मीठ वाढणारा पोरगा दोन वर्षांनी भाजी वाढतो आणि दहा वर्षांनी पंगत सांभाळतो. इथून जवळच मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज आहे. तिथंही नव्या माणसाच्या हातात आधी झाडूच येतो.

मी माझं पहिलं मीठ वाढलं. एका शब्दाचं शुद्धलेखन! ते तीनदा परत आलं, दर वेळी ‘‘कृपया’’ लावून. इथं कुणाचंही काम दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत म्हणे. चौथ्यांदा घेतलं. त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

‘‘एवढे हजारो लोक पाहत असतात, मग भोकं राहतात कशी?’’ मी विचारलं.

ती म्हणाली, ओपन-एसएसएल नावाचं कुलूप जगातल्या कितीतरी संकेतस्थळांना होतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक सापडलं. दोन वर्षांहून जास्त काळ ते तिथं होतं. तेव्हा ते कुलूप सांभाळणारी माणसं मोजकी, आणि वर्षाच्या देणग्या जेमतेम दोन हजार डॉलर. सगळ्यांना वाटत होतं, कुणीतरी पाहतच असेल. मला हे पटलं. आमच्या एका लग्नात स्वयंपाकघरात वीस बायका होत्या आणि बासुंदीचं दूध उतू गेलं.

पण मला खरा चटका लावला तो २०२४ च्या गोष्टीनं. एक्सझेड नावाचं एक लहानसं, पण असंख्य संगणकांत असलेलं साधन एक माणूस एकट्यानं, बिनपगारी सांभाळत होता. थकला होता. तेव्हा जिआ टॅन या नावानं कुणीतरी मदतीला आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्यानं मुकाट्यानं मीठ वाढलं. मधूनमधून अनोळखी नावांची माणसं त्या थकलेल्या गड्याला टोचत होती, ‘‘तुमच्यानं होत नाही, दुसऱ्याला अधिकार द्या.’’ अखेर किल्ली गेली आणि त्या मदतनीसानं चोरदार बसवलं. मार्च संपता संपता अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एक काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होताना दिसलं. तो चिकाटीनं शोधत गेला आणि चोरदार सापडलं. ते फार पसरायच्या आतच.

‘‘पाहिलंस?’’ मी विजयानं करदोड्याला हात लावला. ‘‘म्हणून किल्ली कुणाला द्यायची नाही!’’

‘‘मामा,’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘तो फसला तो एकटा होता म्हणून. दुसरी विश्वासाची माणसं आधीपासून सोबत असती, तर आलेल्या पहिल्याच माणसावर विसंबायची वेळ आली नसती.’’

त्या रात्री पुन्हा झोप लागली नाही. गेल्या वर्षी कॉलेजातला एक पोरगा वाचनालयात आला होता. म्हणाला, ‘‘काका, मी काही मदत करू का?’’ मी त्याला कुणाची चिठ्ठी आहे का विचारलं होतं. तो परत आला नाही. माझे गुडघे आता शिडी चढत नाहीत, वरच्या कप्प्यांतली पुस्तकं दोन वर्षांत खाली आलेली नाहीत. वाळवी मात्र शिडी न लावता चढते.

सकाळी मी आधी शाळेतल्या बाईंकडे गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही स्वतः येऊन सांगितलं, बरं केलं.’’ मग त्या पोराचं घर शोधलं. हल्ली तो रोज संध्याकाळी येतो आणि पुस्तकांना कव्हरं घालतो. त्यानं घातलेली कव्हरं मी तपासतो, मी केलेल्या नोंदी तो तपासतो. त्यात त्याला सात चुका सापडल्या. मी ‘‘आभारी आहे’’ म्हणालो. घसा जरा दुखला. दुसरी किल्ली अजून दिलेली नाही, पण करून मात्र घेतली आहे. आमची ही म्हणते, ‘‘तुमच्यासाठी हेही पुष्कळच झालं.’’

एक पुस्तक अजून बाहेर आहे. चौदा वर्षं झाली. गृहस्थ गावातले मोठे आहेत. पानठेल्यावर सगळे विचारतात, ‘‘भाऊ, सांगा ना, कोण आहे?’’ मी सांगत नाही. त्यांना खाजगी पत्र पाठवलं आहे, तीन ओळींचं.

आज एकसष्टावा दिवस आहे.