काट्याने न सांगितलेले

६ महिन्यांत ६ किलो वजन उतरवून आलेल्या ७२ वर्षांच्या काकांचे मी मनापासून कौतुक केले. काकू मात्र गप्प होत्या. निघताना हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना आता खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागतो."

मी मोजपट्टी काढली. कंबर ९८ सेंटीमीटर, जुन्या नोंदीइतकीच. पोटरीचा घेर अवघा ३१. चरबी जागच्या जागी होती, झिजले होते ते स्नायू. भात-पोळीबरोबर काकांनी डाळ आणि दूधही सोडले होते.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र आले होते. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हे ठाऊक असूनही मी काट्यावर विसंबलो.

चरबी दाखवणारे घरगुती काटे शरीरातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात. पायांना सूज असल्यास तो फसतो. पेसमेकर असलेल्यांनी तर त्यावर उभेच राहू नये. त्यापेक्षा शिंप्याची पट्टी बरी. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. पोटरी अनुक्रमे ३४ आणि ३३ च्या खाली गेल्यास डॉक्टरांना दाखवावे.

मूत्रपिंडाची तपासणी करून काकांची डाळ, दही, अंडे पुन्हा सुरू केले. हात न टेकता खुर्चीतून १० वेळा उठायचे, असे ठरले आहे. परवा आठव्या वेळी दमले. काकू मोजत होत्या.