बेरजेखालची ओळ

रत्नागिरीच्या राम आळीत आमचे जुने दुकान आहे. तळमजल्यावर पेढी, वर राहते घर. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छप्पर कौलारू. त्याची मोठी दुरुस्ती काढली, तेव्हा अंदाजपत्रक मी स्वतःच संगणकावर, एक्सेलच्या तक्त्यात मांडले. लहानपणापासून रोजमेळ आणि खतावणी पाहत आल्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. किंबहुना थोडा अभिमानच होता.

नेहमीच्या कामांच्या नोंदी सहज झाल्या. वाळू ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर, चिरा नगावर, गिलावा आणि फरशी चौरस फुटावर. माप गुणिले दर, की रक्कम तयार. अडचण आली ती एकदाच करावयाच्या, कोणत्याही दरपत्रकात न बसणाऱ्या कामांची. आमच्याकडे अशी तीन कामे होती. वडिलांनी बसविलेली सागवानी चौकट खालून कुजली होती. ती मोडीत न काढता दुरुस्त करून पुन्हा बसवायची होती. आईचे गुडघे दुखतात, म्हणून पायऱ्यांच्या कडेने उतार हवा होता. आणि पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाची झड थेट गादीपर्यंत पोहोचते, म्हणून त्या बाजूस पत्र्याची झाप घालायची होती.

मिस्त्रींना विचारून मी चौकटीचे 14,500 आणि उताराचे 11,800 रुपये लिहिले. तक्ता पूर्ण झाल्यावर ही कामे सुचल्यामुळे त्या दोन ओळी एकूण बेरजेच्या खाली गेल्या. झापेची ओळ मात्र वर, योग्य जागी घातली. पण रकमेच्या रकान्यात ‘ठोक 26,700’ असे अक्षरांसह लिहिले.

काम संपले. मिस्त्रींचे बिल आले, ते माझ्या बेरजेहून बरोबर 53,000 रुपयांनी अधिक होते. मी कामगारांच्या देखत म्हणालो, “मिस्त्री, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे काम करणारा तो माणूस. आवाज न चढविता ते एवढेच म्हणाले, “शेठ, सांगितलं तेवढंच केलंय. तुमचा कागद एकदा बघा.”

रात्री कन्येला तक्ता दाखविला. तिने बेरजेच्या चौकोनावर बोट ठेवून विचारले, “बाबा, ही बेरीज कोणत्या ओळीपर्यंत जाते?” चौकट आणि उतार बेरजेत नव्हतेच. झापेची ओळ बेरजेच्या कक्षेत होती; परंतु रकमेमागे ‘ठोक’ हा शब्द असल्याने संगणकाने तो आकडा न मानता मजकूर मानला आणि वगळला. 14,500, 11,800 आणि 26,700 मिळून 53,000. पै न् पै माझ्याच हातची होती. तिन्ही कामे कागदावर माझ्या डोळ्यांसमोर असताना मी केवळ शेवटची बेरीज वाचून एका सचोटीच्या माणसाला बोल लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि पूर्ण रक्कम दिली. त्यांनी पैसे मोजले नाहीत, चहा दिला. ते न मोजणे मला अधिक लागले.

त्यानंतर दोघांनी बसून तो तक्ता नव्याने मांडला. शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. जे काम तिच्यात नाही, त्याच्या दराचे पृथक्करण करावे लागते. साहित्य किती, मजुरी किती, वाहतूक किती, कंत्राटदाराचा नफा किती, हे वेगळे दाखवावे लागते. तीच रीत आम्ही घरी लावली. चौकटीचे 14,500 असे उलगडले: सुताराचे चार दिवस 4,800, मदतनिसाचे 3,200, सागाचे तुकडे 3,600, बिजागऱ्या, खिळे व तेल 1,400, आणि मिस्त्रींची देखरेख व नफा 1,500. ठोक आकड्याविषयी शंका येते. उलगडलेल्या आकड्याविषयी प्रश्न विचारता येतो. दोहोंत फार अंतर आहे.

आता आमच्या तक्त्यात एकूण बेरजेच्या वर एक कोरी ओळ कायम राखलेली असते आणि बेरीज त्या ओळीसकट घेतलेली असते. नवे काम निघाले, की त्या कोऱ्या ओळीच्या वर नवी ओळ घालावयाची. म्हणजे ती आपोआप बेरजेत येते. ‘ठोक’ हा शब्द एककाच्या रकान्यात, नग 1, आणि रकमेच्या रकान्यात केवळ आकडा. शेजारी एक रकाना शेऱ्याचा: हे काम कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, दर कसा ठरला. ‘किरकोळ’ नावाची ओळ आम्ही काढूनच टाकली. तिच्यात काय काय लपले आहे, हे पुढे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

वडील म्हणत, वहीत नीट न लिहिलेला व्यवहार भांडण होऊन परत येतो. ते मी अनेकदा ऐकले होते. पण स्वतःच्या बेरजेखाली राहिलेल्या दोन ओळींनी ते मला शिकविले. आता ती सागवानी चौकट ओलांडून रोज दुकानात शिरताना तिची किंमत मला नेमकी ठाऊक असते: 14,500 रुपये, आणि एका जुन्या माणसाला विनाकारण बोललेले एक वाक्य.