जावक क्रमांक एक

फॉर्म टाकून नऊ दिवस झाले आणि चार नावं आली. पहिलं माझ्या मावसभावाचं. त्याला बोलायचं काही नव्हतं, फॉर्म चालतो का तेवढं बघायचं होतं. पुढची दोन व्लॉगरांची. मी ‘ब्लॉग’ लिहिलं होतं, त्यांनी ‘व्लॉग’ वाचलं. त्यातला एकजण शेततळ्यात उड्या मारण्याचे व्हिडिओ टाकतो आणि मला माहीत असलेल्या सगळ्या मराठी ब्लॉगांचे वाचक एकत्र केले तरी त्याच्या प्रेक्षकांपुढे मूठभर ठरतील. चौथं नाव जुन्या जालन्यातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांचं. ‘विषय’ या रकान्यात ‘आपण द्याल तो’. ‘वेळ’ या रकान्यात ‘आपण द्याल तेवढा’. फॉर्म त्यांच्या नातवानं भरला होता, हे मागाहून कळलं.

मी पप्पांना मोबाइल दाखवला. पप्पा सरकारी कचेरीत होते, त्यातली बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली. त्यांनी चष्मा वर केला, फॉर्म खालपासून वरपर्यंत वाचला आणि विचारलं, “हे काय? वक्त्यानं अर्ज करायचा?”

“हो. मग आपण त्यातून निवडायचे.”

“अर्ज रजेचा असतो, बाई. नाहीतर नळाच्या कनेक्शनचा. भाषणाचा अर्ज करणारा माणूस जालन्यात सापडायचा नाही. सापडला तर त्याला बोलावू नको.”

ही अर्जाची कल्पना मी पुण्याहून आणली होती. तिथं नोकरीत असताना एका वर्डकॅम्पला श्रोता म्हणून गेले होते. वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवायचं ते मोफत सॉफ्टवेअर, 27 मे 2003 ला बाहेर आलं. 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा पहिला वर्डकॅम्प भरला आणि मग गावोगावचे लोक आपापला भरवू लागले. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथं झाले. पद्धत ठरलेली. आवाहन करायचं, ज्याला बोलायचं त्यानं विषय कळवायचा, निवड समितीनं निवडायचं, मानधन कोणालाच नाही. ना अध्यक्ष, ना प्रमुख पाहुणे. मला ते इतकं आवडलं की जालन्याला परत आल्यावर घरून काम करता करता वाटलं, आपणही एक दिवस करू. वर्डकॅम्प नव्हे, त्याचं नावही लावायचं नाही. मराठीत वेबवर लिहिणाऱ्या, छापणाऱ्या लोकांचा साधा एक रविवार. सोबत कॉलेजची एक मैत्रीण आणि मोबाइल दुकानातला एक मुलगा. तिघांपैकी कोणीही याआधी वाढदिवसापलीकडे काही आयोजित केलेलं नव्हतं.

आधी तारीख चुकली. मराठीचा कार्यक्रम म्हणून मी हौसेनं 27 फेब्रुवारीच्या आसपासचा रविवार धरला. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, याहून चांगला मुहूर्त कोणता? त्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येक कॉलेजला, ग्रंथालयाला आणि बँकेच्या शाखेला मराठीवर बोलणारं माणूस लागतं, हे डोक्यातच आलं नाही. मी ज्यांना फोन केला ते सगळे जानेवारीतच ठरलेले. एक प्राध्यापक तर हसून म्हणाले, “त्या आठवड्यात माझे तीन दिवसांत पाच आहेत. तुम्ही सव्वीस जानेवारी कामून धरली नाही?”

मग मार्च. मार्चमध्ये कॉलेजचा हॉल म्हणजे परीक्षा केंद्र. रविवारी पेपर नसतो, हा माझा युक्तिवाद. शिपायानं मला नुसतं आत नेऊन दाखवलं. प्रत्येक बाकावर बैठक क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली. एक चिठ्ठी निघाली तर उत्तर कोण देणार? शेवटी एप्रिल मिळाला आणि हॉल मिळाला तो एका वाचनालयाचा, वरच्या मजल्यावरचा, पत्र्याखालचा. एप्रिलमध्ये जालन्यात पत्र्याखाली बसणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

या सगळ्यात मुख्य प्रश्न तसाच होता. बोलणार कोण? मी जुने ब्लॉग धुंडाळायला लागले. मराठी वेबचा एक भराचा काळ होऊन गेलाय. मायबोली 1996 पासूनची, मनोगत 2004 चं, मिसळपाव 2007 चं. ‘मराठी ब्लॉग विश्व’ या संकेतस्थळावर ब्लॉगांचे दुवे एकत्र मिळायचे आणि 2010 मध्ये तर पुण्यात नि मुंबईत ब्लॉगलेखकांचे मेळावे भरले होते. त्या दिवसांतल्या याद्यांमधून जालना, अंबड, भोकरदन, मंठा शोधत मी चार रात्री काढल्या. मराठवाड्यातले म्हणून जे सापडले त्यातले बहुतेक 2012-13 च्या सुमारास थांबलेले. शेवटच्या नोंदीची सुरुवात हटकून एकच, ‘बऱ्याच दिवसांनी लिहितोय’. त्यानंतर काही नाही. स्मशानात पाट्या वाचत फिरल्यासारखं झालं.

आणि ज्यांचे ब्लॉग जिवंत होते ते मला ब्लॉग वाटलेच नव्हते.

मैत्रिणीची वहिनी परतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. ती सहज बोलली की तिच्या ओळखीच्या एका बाईंचा ब्लॉग सगळे शिक्षक रोज सकाळी उघडतात. उघडून बघितला. वर सरकणारी लाल अक्षरं, कडेला घड्याळ, तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा. मी वेबसाइट बनवण्याच्या धंद्यातली, त्यामुळे पहिल्यांदा नाकच मुरडलं. मग आत शिरले. रोजचा परिपाठ, इयत्तावार वार्षिक नियोजन, शासन निर्णय तारखेनुसार लावलेले, स्वाध्यायाच्या पीडीएफ, पोषण आहाराच्या नोंदीचा तक्ता. 2015 नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आणि डिजिटल शाळांची धामधूम सुरू झाली, त्या वर्षांत राज्यभर गुरुजींनी आणि बाईंनी असे ब्लॉग काढले. साहित्यिक ब्लॉग बंद पडत होते तेव्हा हे चालू होत होते. मराठी ब्लॉगचा इतिहास सांगताना यांना कोणी धरत नाही. मीही धरलं नव्हतं.

फोन केला. बाई एकदम तयार. “येते की. पण पत्र पाठवा.”

“मॅडम, आत्ताच मेल करते.”

“मेल नको. पत्र. जावक क्रमांकासहित. फाइलला लागतंय.”

“रविवार आहे मॅडम, रजा लागणार नाही.”

“रजेचं नाही हो. उद्या कोणी विचारलं, तुम्ही कामून गेल्ता, तर कागद पाहिजे ना?”

माझ्याकडे जावक क्रमांक नव्हता. जावक वहीच नव्हती. लेटरहेड नव्हतं, कारण संस्था नव्हती. मी रडकुंडीला आले आणि पप्पा, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच, खुशीत उठले. बाजारातून लाल पाठीची नोंदवही आणली, पट्टीनं रकाने आखले. दिनांक, कोणास, विषय, शेरा. मग मला समोर बसवून पत्र सांगितलं. ‘विषय’ आधी, ‘महोदया’ नंतर. ‘उपरोक्त विषयान्वये आपणास विनंती करण्यात येते की’. मी म्हटलं, एवढं कशाला, ‘या’ म्हणून लिहू. ते म्हणाले, “तू तिला बोलवायलीस का बाजारात हाक मारायलीस?”

जावक क्रमांक 1 परतूरला गेला. फॉर्म मी त्याच रात्री बंद केला. आता अर्ज आम्ही करत होतो आणि पलीकडचे मंजूर करत होते.

बदनापूरकडच्या एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याला आम्ही घरी जाऊन पत्र दिलं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे हे शहरातले लोक अभिमानानं सांगतात. हा माणूस आंबिया बहाराची फळगळ, पाण्याचा ताण, खोडाला लावायची बोर्डो पेस्ट यांवर मोबाइलवरून लिहितो, मोबाइलवरच बोलून टाइप करतो. अंगणात चहा घेताना त्यानं विचारलं, “किती वेळ जाईल?” मी म्हटलं, अर्धा तास. “बोलायला अर्धा. यायला-जायला दिवस. त्या दिवशी पाणी कोण देणार?” त्याची तक्रार नव्हती. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

मानधन नाही हे तत्त्व मी पुण्याहून आणलं होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. सगळे समान, कोणी पैशासाठी बोलत नाही वगैरे. त्या अंगणात ते तत्त्व मला फार पगारदार वाटलं. आमच्या वक्त्यांपैकी एक असलेल्या माझ्या पुण्याच्या मित्राला कंपनी अशा कार्यक्रमासाठी सुट्टी देते, वर त्याचं नावही होतं. इथं फुकट बोलणारा माणूस पदरचा दिवस मोडून येतो. आम्ही तिघांनी वर्गणी काढली आणि प्रत्येक वक्त्याला 500 रुपये प्रवासखर्च ठरवला. थोडेच, पण पाकिटात. पुण्याच्या मित्रानं ते परत केले, बाकी कोणी केले नाहीत. ते बरंच झालं.

राहिले ‘आपण द्याल तो’ विषयवाले काका. शिष्टाचार म्हणून भेटायला गेले आणि दोन तासांनी बाहेर पडले. त्यांनी तीस वर्षं जिल्ह्याच्या इतिहासावर लेख लिहून, टाइप करून ठेवलेत. कुंडलिकेच्या दोन काठांवरचं शहर, जांबचे समर्थ रामदास, 1981 मध्ये औरंगाबादपासून वेगळा झालेला जिल्हा आणि विशेषतः असईची लढाई. 23 सप्टेंबर 1803 ला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इथं, आपल्या जिल्ह्यात, लढाई केली. तोच पुढे वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. इंग्रजीत या लढाईवर ढीगभर वाचायला मिळतं, आणि इथं असईच्या शिवारात पायी फिरलेल्या माणसाचे लेख पेन ड्राइव्हमध्ये पडून.

मी पेन ड्राइव्ह घरी आणून फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस. मला वाटलं, व्हायरस.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाची पत्रिका छापायला डीटीपीच्या दुकानात गेले. लग्नसराईचे दिवस, ऑपरेटरच्या टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा. मी लॅपटॉप दाखवून विचारलं, हे काय असेल? त्यानं मान न वळवता वाचायला सुरुवात केली. टी, के, वाय, यू, के. “जालना,” तो म्हणाला. “कृतिदेव आहे ताई. फाँट नाही तुमच्याकडं.” आणि पुढचं वाक्यही त्या गिचमिडीतून सरळ मराठीत वाचून दाखवलं.

मी चार वर्षं वेबसाइट बनवतेय आणि मला हे कोणी असं समजावलं नव्हतं. जुन्या फाँटात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असतो. टीच्या जागी ज, केच्या जागी काना. डोळ्याला जालना दिसतं, यंत्राच्या लेखी ते टीकेवाययूकेच. म्हणून गूगलमध्ये कोणी जालना शोधलं तर हा लेख कधीच सापडणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा आहेत, तिथं ज हा ज असतो. मग फाइल बदलून का घेत नाहीत? बदलता येते, तो म्हणाला, पण वेलांटी घोळ करते. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, हातानं कागदावर काढावी तशी. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफाराचंही तसंच उलटसुलट. आणि ‘बऱ्याच’मधला ऱ्य हमखास मोडतो. तो सगळं हातानं तपासून दुरुस्त करतो.

“तुम्ही आमच्याकडं हे बोलाल का?”

तो दचकला. “मी? वक्ता? नाही हो ताई. मी दहावी.”

“बरं, बोलू नका. नुसतं करून दाखवा.”

“दाखवायला काय,” तो म्हणाला. जावक क्रमांक 5.

दिवस उजाडला. दहाचा कार्यक्रम सव्वाअकराला सुरू झाला. अध्यक्ष नको यावर मी ठाम होते, पण वाचनालयाच्या मंडळींनी समई आणलीच, आणि समई म्हटलं की ती लावणारं कोणीतरी आलं. वक्त्यांचा सत्कार शालीऐवजी मोसंबीच्या पिशवीनं करायची कल्पना आमची. सहा जणांचा सत्कार करण्यात चाळीस मिनिटं गेली, कारण प्रत्येकाबरोबर फोटो. हॉलमध्ये एक दांडगा कूलर होता. चालू केला की वक्ता ऐकू येईना, बंद केला की लोक वक्त्याऐवजी जिन्याकडे बघायचे. मोबाइल दुकानातल्या मुलानं शेवटी पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असं वेळापत्रक लावलं.

बाईंनी त्यांचा ब्लॉग पडद्यावर उघडला आणि लाल अक्षरं सरकू लागली. मी डिझाइनबद्दल काही बोलणार होते, गप्प बसले, कारण मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “मॅडम, आमी रोज वाचतो!” शेततळ्यातल्या मुलानं व्हिडिओच्या चित्रावर अक्षरं किती मोठी टाकायची ते दाखवलं आणि सर्वांत जास्त प्रश्न त्यालाच आले. मोसंबीवाले अकरा मिनिटांत संपवून पाणी द्यायला निघून गेले.

डीटीपीवाल्यानं काकांचा असईचा लेख घेतला. पडद्यावर गिचमिड, मग एक बटण, मग मोडकी मराठी, मग तो एकेक वेलांटी जागेवर बसवायला लागला. कोणी बोलत नव्हतं. कूलर बंद असायची पाळी होती. काका पहिल्या रांगेतून उठून पडद्याजवळ गेले आणि ‘केळणा’ नदीच्या ‘ळ’वर बोट ठेवून म्हणाले, “हा बरोबर आला.” मग त्यांना वीस मिनिटं बोलायला दिली होती ती त्यांनी पन्नास केली. मी थांबवलं नाही. ‘आपण द्याल तेवढा’ असं त्यांच्या फॉर्मवरच लिहिलेलं होतं, पण मला चिठ्ठी पाठवायचं धाडस झालं नाही.

चार दिवसांनी परतूरहून फोन आला. बाई म्हणाल्या, कार्यक्रम छान झाला, प्रमाणपत्र मिळालं, मुलांना दाखवलं. “फक्त एक राहिलंय. त्यावर जावक क्रमांक नाही.”

पप्पांनी वही शोधून काढली, पान उलटलं आणि पेनचं टोपण काढलं.

“आठ,” ते म्हणाले. “बाकीच्या पाच जणांचेही आत्ताच टाकून घेऊ. मागाहून फोन करतील.”