उतारावरचं जेवण
आमच्या नाणे मावळात जमीन दोन तऱ्हेची. खाली खाचरं, तिथं भात. वर डोंगराच्या अंगाला वरकस, तिथं नाचणी, वरई आणि खुरासणी. माझ्या लहानपणी जेवणही या दोन्हींकडून यायचं. नवरात्राच्या सुमारास सगळा उतार खुरासणीच्या फुलांनी पिवळा व्हायचा. दाणे घाण्यावर जायचे, तेल घरात यायचं, पेंड बैलांना. थोडी खुरासणी आजी मागं ठेवायची. ती भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटली की नाचणीच्या भाकरीला दुसरं काही लागत नसे.

मग घरात पिवळा डबा आला, हिरव्या ताडाच्या चित्राचा. डालडा देशात आला 1937 साली. आमच्याकडे पुष्कळ उशिरा, पण आला तो मानानं. सणाचा शिरा त्यातच व्हायचा. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवताना ट्रान्स फॅट तयार होतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? ते 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम लागू व्हायला 2022 उजाडलं.

भातही बदलला. वडगावच्या संशोधन केंद्रानं आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून इंद्रायणी काढला, 1987 मध्ये. वास टिकला, उतारा वाढला. मला त्याचा अभिमान आहे. पण उखळातलं कांडण संपलं आणि गिरणीत कोंडा पार निघू लागला. त्याबरोबर तंतू गेले, जीवनसत्त्वं गेली. त्याच सुमारास वरकस जमिनी बंगल्यांसाठी विकल्या जाऊ लागल्या. ताटात उरला तो पांढरा भात आणि पिशवीतलं तेल.

वडिलांना मधुमेह झाला तेव्हा सल्ला मिळाला, भात कमी करा. सल्ला बरोबरच, पण अर्धा. भाताच्या जागी काय? आमच्याकडे चहाबरोबर खारी आणि बिस्किटं वाढली, म्हणजे मैदा आणि डालड्यासारखं वनस्पती तूप. तूप-लोण्याचंही तेच. ते सोडून साखर-मैदा खाल्ला तर हृदयाला काही लाभ नाही. त्या जागी शेंगदाण्याचं, तिळाचं, खुरासणीचं तेल आलं तर आहे. काय सोडलं यापेक्षा त्या जागी काय आलं, हेच पाहायला हवं. लोणावळ्याच्या चिक्कीतला शेंगदाणा उत्तम, पण गूळ म्हणजे शेवटी साखरच.

आता आमच्याकडे दुपारी भात असतो, कमी सडलेला इंद्रायणी, वाटीभर, वर चमचाभर तूप. वरण मात्र भरपूर. रात्री नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तंतूही भरपूर. पीठ मात्र चाळायचं नाही, आणि आंबील पातळ केली तरी साखर घालायची नाही.

वरकस कसणारे आता थोडे राहिलेत. रानडुकरं पीक ठेवत नाहीत, खुरासणीला गिऱ्हाईक मिळत नाही. मी भाव पाडून मागत नाही. वर्षाला किती लागेल ते मृगाआधीच सांगून ठेवतो, म्हणजे नाचणीचा राब किती भाजायचा आणि खुरासणीला किती उतार ठेवायचा, हे त्यांना ठरवता येतं.