एडनचे शेजारी

धडगाव आणि एडन ही दोन नावे एका दमात घेतली, की ऐकणारा आपल्या तोंडाकडे पाहू लागतो. एक सातपुड्याच्या कुशीत, नर्मदा आणि तापी यांच्या मधल्या डोंगरात. दुसरे अरबस्तानच्या टोकाला, मुंबईपासून सोळाशेहून अधिक सागरी मैलांवर. एडनचे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. १८७९ साली जन्मठेप झालेल्या या पुरुषाला इंग्रजांनी तिथल्या तुरुंगात ठेवले. बिजागऱ्यांसकट दार उखडून ते निसटले, पुन्हा सापडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. धडगावचे नाव मात्र पुष्कळांच्या कानावरून गेलेले नसते; तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे त्याचे मुख्य गाव, असे सांगितले म्हणजे थोडीशी ओळख पटते.

पण हा शेजार मी छापील पानावर पाहिला आहे. १८७४ चा चौदावा कायदा, नाव ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्ट’. नेहमीचे कायदे जिथे सरसकट चालायचे नाहीत अशा मुलखांची यादी त्याला जोडलेली आहे. मुंबई इलाख्याच्या रकान्यात सिंध येतो, पंचमहाल येतो, मग एडनची वसाहत, आणि तिच्या खालोखाल सहा मेवासी नाईकांची गावे: काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूर इथले पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे. हा सारा धडगावच्या पश्चिम अंगाचा मुलूख. इंग्रजी छापखान्याने पाडवींचे ‘पारवी’ केले आहे. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर दरसाल पाडवी, वळवी, वसावे असतातच. ही नावे एडनला चिकटून बसलेली पाहिली तेव्हा मला मोठी गंमत वाटली, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी तळोद्याची एस. टी. पकडली.

तळोद्याच्या पुढे कोठारपर्यंत रस्ता शहाण्यासारखा वागतो. तिथून चांदसैलीचा घाट सुरू होतो. वळणे अशी की पुढच्या बाकावरचा प्रवासी दरीकडे आणि मागचा डोंगराकडे झुकलेला. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात आणि धडगावची वाट बंद पडते. हे आजही घडते, मग १८४६ साली काय असेल! वर आलो की साग, महू, मधूनच पिवळी पडत चाललेली ज्वारी. अस्तंब्याचे शिखर मोठ्या दिमाखात उभे असते, सव्वातेराशे मीटर उंच. धनत्रयोदशीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. भाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा याच रानात तेल मागत फिरतो आणि चुकलेल्या यात्रेकरूला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. शेजारच्या उतारूला मी विचारले, “कोणाला भेटला का कधी?” तो शांतपणे म्हणाला, “भेटला तर सांगतात कशाला?”

धडगाव दिसते ते भोवताली डोंगरांचे कडे करून बसलेले. नगरपंचायतीचे पुरते नाव धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक. पाटीवर एवढे नाव मावायला रंगाऱ्याची कसोटीच लागत असेल. बाजाराची गल्ली, कचेरी, वसतिगृहे, मोबाईलची दुकाने, सीताफळांच्या पाट्या. पण खरे धडगाव गल्लीत नाहीच. पावरा आणि भिल्ल मंडळींची घरे एकमेकांना खेटून बसत नाहीत; ज्याचे शेत त्यातच त्याचे कुडाचे घर, अशा घरांची एक फळी, अनेक फळ्यांचे एक गाव. देशावरच्या माणसाला ‘गाव कुठे आहे?’ असे गावात उभे राहून विचारावे लागते. जमीन मोजायला साखळी घेऊन आलेल्या साहेबाचेही असेच झाले असणार.

इंग्रजांनी खानदेश १८१८ साली घेतला, पण या डोंगरात त्यांचे बस्तान लवकर बसेना. जुन्या दफ्तरी भाषेत ‘मेवासी’ म्हणजे सरकारला सहजी न जुमानणारा. १८२५ साली औटरॅमने भिल्लांचीच पलटण उभारली. त्यानंतर १८४६ चा अकरावा कायदा आला आणि त्याने मेवासी गावे सर्वसाधारण कायदेकानूंतून बाहेर काढली. खानदेशचा कलेक्टर तिथे गव्हर्नरचा एजंट झाला. सारा आणि बंदोबस्त तर त्याचे होतेच; आता दिवाणी आणि फौजदारीही त्याच्याच देखरेखीखाली आली. एकाच माणसाच्या तीन टोप्या. सकाळी एक, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. डोके मात्र तेच.

आता एडनकडे पाहा. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्सने ते बंदर घेतले आणि ते मुंबई सरकारच्या पदरात पडले. तिथला पोलिटिकल रेसिडेंट आसपासच्या अरब शेखांशी तह करी, बंदर सांभाळी. १८६४ च्या एडन कायद्याने तो न्यायाधीशही झाला. वाद कायद्याच्या भोवऱ्यात अडकला तर विचारणा मुंबईच्या हायकोर्टाकडे. झांझिबारच्या ब्रिटिश कॉन्सलच्या कोर्टाची अपिलेसुद्धा त्याच हायकोर्टात येत. म्हणजे मुंबईत बसलेल्या न्यायमूर्तींच्या मेजावर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची भांडणे येत होती, आणि त्याच इलाख्यातल्या, रेल्वेने गाठता येण्याजोग्या खानदेशातले डोंगर मात्र नेहमीच्या न्यायव्यवस्थेच्या बाहेर ठेवलेले होते. कायद्याच्या नकाशात अंतर मैलांनी मोजत नाहीत, हे मला या प्रवासात पुरते पटले.

१८७४ च्या कायद्याने या व्यवस्थेला नीट चौकट दिली. अनुसूचित मुलखात कोणता कायदा चालतो ते सरकारने जाहीर करावे. दुसरीकडचा कायदा हवा तर काटछाट करून आणावा. न्याय कोणी द्यायचा तेही सरकारनेच नेमावे. हेतू काय होता? साहेब सांगत, या भोळ्या लोकांना सावकाराच्या आणि वकिलाच्या तावडीतून वाचवायचे आहे. हे अगदीच खोटे नव्हते. सपाटीवरच्या कित्येक भिल्लांच्या जमिनी कोर्टाच्या हुकूमनाम्यांनीच गेल्या. पण ज्याला कोर्टाचे दार बंद, त्याला साहेबाविरुद्धही कोर्टाचे दार बंदच. संरक्षणाचे कुंपण आतून आणि बाहेरून वेगवेगळे दिसते.

पुढे १९३५ च्या कायद्याखाली १९३६ साली अंशतः वर्जित क्षेत्रांचा हुकूम निघाला. त्यात पश्चिम खानदेशच्या नोंदीत ‘अक्राणी महाल’ नावानिशी आहे, म्हणजे धडगाव आता स्वतःच यादीत आले, आणि जोडीला तेच सहा मेवासी. एडन मात्र यादीतून गळाले. १ एप्रिल १९३७ रोजी ते हिंदुस्थानपासून तोडून बादशाही वसाहत करण्यात आले आणि १९६७ च्या नोव्हेंबरात इंग्रज तिथूनही गेले. शेजारी उठून गेला. धडगाव जागचे हलले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकुमातही अक्राणी महाल आहे, आणि काठी, नाल, सिंगपूरही आहेत.

मी भाषेचा मास्तर. मला कायद्यातले क्रियापद पाहण्याची खोड. १९३५ च्या कायद्यात म्हटले होते की गव्हर्नर सांगेपर्यंत विधिमंडळाचा कायदा इथे लागू नाही. आपल्या घटनेच्या पाचव्या अनुसूचीत ते उलटले: कायदा लागू आहे, राज्यपालांनी नको म्हटले नाही तर. एक ‘नाही’ वाक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. त्या ‘नाही’च्या प्रवासात या डोंगरातला माणूस वर्जितांतून नागरिकांत आला, असे मी म्हणतो, माझे वकील स्नेही हसतात. राज्यपालांनी विनियम करायचे तर आदिवासींच्या सल्लागार परिषदेला विचारावे लागते, ही भर वेगळी. अशाच विनियमाने १९६१ साली मेवासी इस्टेटींचे मालकी हक्क संपवले. पाडवी, वळवी ही बिरुदे आडनावे म्हणून उरली.

धडगावात माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. त्याने मला एका म्हाताऱ्या बाबांच्या घरी नेले. अंगणात खाट, खाटेवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाईल. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आपण कसतो, हे बाबांना दाखवायचे होते.

“कागद आहे का काही जुना?” मी विचारले.

“बापाने कागद नाही ठेवला, गुरुजी. महू ठेवला.” बांधावरच्या झाडाकडे त्यांनी हात केला. त्या महूवरून शेजाऱ्याशी भांडण झाले होते; चार जाणत्यांनी बसून ‘झगडा तोडला’, म्हणजे तंटा मिटवला. दंड किती, कोणी दिला, त्या दिवशी कोणता पाहुणा आला होता, सारे बाबांच्या ओठांवर होते. एजंटसाहेबाच्या तीन टोप्यांखाली हे पंच चालतच होते. लोकांचे देजापासून बांधापर्यंतचे बहुतेक तंटे तिथेच मिटायचे. मात्र सरकारी दफ्तरात त्यातले अक्षरही गेले नाही. त्यामुळेच जमिनीचा प्रश्न आला तेव्हा हे लोक आपल्याच बापाच्या शेतात अतिक्रमण करणारे ठरले. नर्मदाकाठच्या गावांत सरदार सरोवराचे पाणी चढले तेव्हा ‘तुमची जमीन कुठल्या उताऱ्यावर?’ हा प्रश्न भरपाई मागणाऱ्या कित्येकांपुढे उभा राहिला.

२००६ चा कायदा निदान एवढे करतो, की दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेच्या हाती देतो, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे तोंडी म्हणणे लिहून घेतले तर नियमांप्रमाणे तो पुरावा ठरतो. शंभर-सव्वाशे वर्षांनी पंचांच्या तोंडच्या शब्दाला शाई मिळाली. बाबांच्या दाव्यावर अजून निर्णय व्हायचा होता. फाईल तालुक्याहून परत आली होती, एका साक्षीदाराचा अंगठा नीट उमटला नाही म्हणून.

मी त्यांना एडनची हकीकत सांगितली. यादीत तुमच्या शेजारी समुद्राकाठचे एक गाव होते म्हणालो. त्यांनी मन लावून ऐकले.

“त्यांना जंगल होतं?”

“नाही. नुसता खडक आणि समुद्र.”

“मग त्यांचं काय लिहून घेतलं सरकारने?”

विद्यार्थी हसला. तेवढ्यात वरच्या फळीवरून ते साक्षीदार काठी टेकीत आले, बाबांहूनही वृद्ध. बाबांनी शाईची डबी उघडली. उभ्या आयुष्यातल्या नांगर-कुऱ्हाडीने त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. पहिला ठसा नुसताच काळा गोळा उमटला. विद्यार्थ्याने अंगठा फडक्याने पुसला, उन्हात धरून पाहिला आणि दुसऱ्या कागदावर हलकेच टेकवला.